दोरा तोडायचा दात

काजबाईंच्या वरच्या पुढच्या दोन दातांपैकी डावा दिसण्यापुरता होता आणि उजवा कामाचा. उजव्याच्या धारेला एक बारीक खाच पडली होती. मेण लावलेला जाड दोरा त्या खाचेत अचूक बसायचा, मान किंचित तिरकी व्हायची, टक् असा आवाज यायचा आणि एक काज पूर्ण व्हायचं. कात्री शोधा, उचला, कापा, ठेवा, मग ती कोटाच्या घडीखाली गेली म्हणून पुन्हा शोधा, या भानगडीत त्या कधी पडल्या नाहीत. लग्न होऊन आल्या तेव्हा नवरा म्हणाला होता, ह्या घरात धार असलेली एवढी एकच वस्तू आहे, जपून वापर. पुढे नवरा गेला. वस्तू राहिली.

मास्तरांचं शिलाईचं दुकान एका छापखान्याच्या वर होतं. खाली यंत्र सुरू झालं की वर बटणांच्या डब्या आपोआप सरकायला लागायच्या. मास्तर कोट शिवायचे: वकिलांचे, हॉटेलातल्या वाढप्यांचे, शाळेच्या मुख्याध्यापकांचे. शर्टाची काजं मशीन करायची, पण कोटाचं काज हाताचंच, असा मास्तरांचा बाणा होता आणि गिऱ्हाईकाला ते तो ऐकवायचेही. "हाताचं काज आहे साहेब, कोट फाटेल, काज फाटणार नाही." फाटक्या कोटातल्या शाबूत काजाचं काय करायचं, हे कुणा साहेबानं कधी विचारलं नाही.

तर ही हाताची काजं ज्यांच्या हातची, त्या काजबाई. त्यांना दुसरं नावही होतं. पण ते फक्त दवाखान्यात विचारलं जायचं आणि तेव्हा त्या क्षणभर थांबून मग सांगायच्या.

दात आधी दुखला नाही. आधी तो करडा झाला. धाकटी जाऊ भिंतीपलीकडच्या खोलीत राहायची. तिनं ते पहिल्यांदा पाहिलं.

"ताई, दाताला काय लावलंत?"

"काही नाही."

"मग तो असा सिमेंटसारखा का दिसतोय?"

धाकटीला ह्या विषयातला अधिकार होता. तिचे सगळे दात काढून झाले होते. कवळी होती, ती एका वाटीत झाकून ठेवलेली असायची आणि कुणी पाहुणं आलं, किंवा भांडायला बाहेर जायचं असलं, की तोंडात जायची. घरच्या माणसांसाठी धाकटी ती वापरत नसे. त्यामुळे घरच्या माणसांना तिचं अर्धंच बोलणं कळायचं आणि घरात शांतता असायची.

"काढून टाका," धाकटी म्हणाली. "मी काढले, काय बिघडलं माझं?"

काजबाईंनी तिच्या तोंडाकडे पाहिलं.

मग दुखायला लागलं. हिरडीवर एक फोड आला, तो फुटला, पुन्हा आला. वरचा ओठ सुजून पुढे आला आणि काजबाई चोवीस तास कुणावर तरी रुसल्यासारख्या दिसू लागल्या. दोरा दाताशी नेला की कानापर्यंत कळ जायची. मास्तरांनी एक कात्री फितीला बांधून त्यांच्या गळ्यात घातली.

"बक्षीस समारंभ झाला," मशीनवरचा कारागीर म्हणाला.

कात्रीनं काम व्हायचं, पण हात सुईवरून उठायचा, परत बसायचा, टाका शोधायचा. संध्याकाळी मास्तर तयार कोट मोजायचे आणि पुन्हा मोजायचे. मास्तर वाईट माणूस नव्हते. त्यांनी फक्त एकदा, सहज, समोरच्या गल्लीत काज करायचं नवं मशीन आलंय, अगदी हातासारखं दिसतं, असं छताकडे बघत सांगितलं.

म्हणजे दात पाहिजे होता. दुखरा नको, पडलेला नको. होता तसा पाहिजे होता. एवढीच मागणी घेऊन काजबाई निघाल्या.

जवळचं आरोग्य केंद्र चालत जाण्याच्या अंतरावर होतं. तिथे एका दारावर 'दंत विभाग' अशी पाटी होती आणि दाराला कडी होती. नर्सनं कडी काढून दाखवली. आत दातांची खुर्ची होती, चांगली, मागे रेलणारी, वर दिव्याची. खुर्चीत लशींच्या रिकाम्या पेट्या बसल्या होत्या.

"डॉक्टर?" काजबाईंनी विचारलं.

"डॉक्टर होते. तेव्हा खुर्ची आली नव्हती."

"आणि खुर्ची आल्यावर?"

"त्यांची बदली झाली." नर्सनं पुन्हा कडी घातली. "आता तालुक्याला जा. तिथे डॉक्टर आहेत."

"तिथे खुर्ची आहे ना?"

"लाकडी आहे. पण चालतं."

तालुक्याच्या सरकारी रुग्णालयात खरंच डॉक्टरीण होती. रांगेतले लोक तिला मॅडम म्हणत. रांग भराभर सरकत होती, इतकी भराभर की काजबाईंना आशा वाटली. मग त्यांच्या लक्षात आलं की आत जाणारा प्रत्येक जण गालात कापसाचा बोळा धरून बाहेर येतोय. आत दोन टेबलं होती: एकावर सुई, दुसऱ्यावर पक्कड. मॅडम दमलेल्या होत्या, पण हात हलका होता, असं सगळेच म्हणत. म्हणजे बोळा काढल्यावर म्हणत असावेत.

मॅडमनी ओठ वर केला, दातावर बोट टेकवलं. काजबाई खुर्चीतून उठल्या आणि परत बसल्या.

"काढायला लागेल."

"काढायचा नाहीये. बरा करायचा आहे."

मॅडमनी पहिल्यांदा त्यांच्या तोंडाऐवजी चेहऱ्याकडे पाहिलं.

"आमच्याकडे काढतात, मावशी. वाचवायचा असेल तर बाहेर."

"बाहेर म्हणजे कुठे?"

"बाहेर म्हणजे बाहेर." मॅडमनी खिडकीकडे मान केली. "त्याला सामान लागतं, मशीन लागतं, तीन-चार वेळा यावं लागतं. मागवलंय आम्ही. मी इथे लागायच्या आधीपासून मागवलंय." आणि मग, आवाज न बदलता, "काढायचा असेल तर आत्ता काढते. दोन मिनिटं. फुकट."

काजबाईंनी विचार करून सांगते म्हटलं. दात ही विचार करण्याची गोष्ट आहे असं मागच्या माणसाला वाटलं नाही. तो तोवर खुर्चीत बसलाही होता.

बाहेर खरोखरच बाहेर होतं. रुग्णालयाच्या फाटकासमोर काचेच्या दाराचा दवाखाना होता. फलकावर एक जोडपं हसत होतं. दोघांना मिळून जितके दात असायला हवेत त्याहून जास्त दिसत होते. आत गार हवा होती, मऊ खुर्ची होती आणि डॉक्टर इतके नम्र होते की काजबाईंना मागे कुणी आलंय का म्हणून वळून बघावंसं वाटलं. डॉक्टरांनी दाताचा फोटो काढला, पडद्यावर मोठा करून दाखवला, मुळाशी काळा डाग होता तो दाखवला. मूळ साफ करायचं, भरायचं, वर टोपी बसवायची, दात सहज वाचेल म्हणाले. मग खर्च सांगितला.

इतका वेळ काजबाईंनी आ वासलेला होता. आकडा ऐकून त्यांनी तोंड मिटलं.

"हप्त्यानं देता येतील," डॉक्टर म्हणाले.

"दात पण हप्त्यानं कराल का?" काजबाईंनी विचारलं. त्यांनी ते खरंच विचारलं होतं. डॉक्टर मात्र छान हसले. त्यांचे दात फलकावरच्या जोडप्यासारखेच होते.

दंत महाविद्यालयाचा पत्ता लागला तो एका वकिलामुळे. कोटाच्या मापाला आले होते. हात वर करून उभे असताना त्यांनी सुजलेला ओठ पाहिला आणि सांगितलं की दोन बस बदलून गेलं की दातांच्या डॉक्टरांचं सरकारी कॉलेज आहे. तिथे शिकणारी मुलं करतात, जवळपास फुकट करतात. "फक्त वेळ लागतो," वकील म्हणाले. वकिलाच्या तोंडून हे ऐकून मास्तरांना काळजी वाटली.

कॉलेजात एक लांब व्हरांडा होता आणि त्यात बाकं होती. बाकांवर तोंडं बसली होती. दर थोड्या वेळानं दार उघडायचं, पांढऱ्या झग्यातला एखादा मुलगा किंवा मुलगी बाहेर यायची आणि बाकांवरून नजर फिरवत म्हणायची:

"वरची दाढ आहे का कुणाकडे? उजवीकडची? किडलेली, पण मुळाशी नको."

एखादा हात वर व्हायचा. झगा वाकून तोंडात बघायचा. "नाही हो, ही फार गेलीये." हात खाली यायचा.

काजबाईंच्या शेजारी एक काका होते. गालाला रुमाल बांधलेला, मांडीवर डबा. तिथले जुने असावेत, कारण शिपायानं जाता जाता त्यांना चहाचं विचारलं.

"पहिल्यांदा?" काकांनी विचारलं.

"हो."

"कुठला दात?"

"वरचा, पुढचा."

"मग तुमचं होईल," काका म्हणाले. आवाजात हेवा होता. "पुढच्याला मागणी आहे. त्याला एकच मूळ असतं, सोपा असतो. परीक्षेला पुढचाच लागतो ह्यांना. माझी खालची शेवटची दाढ. तिला तीन मुळं, त्यात एक वाकडं. कुणी हात लावत नाही. मागच्या वर्षी एका मुलीनं घेतली होती, तिचं लग्न ठरलं."

"मग?"

"मग काय. सुखी आहे म्हणतात."

गोष्ट अशी होती: प्रत्येक विद्यार्थ्याला परीक्षेआधी ठरावीक प्रकारचे ठरावीक दात दुरुस्त करून दाखवावे लागत. ज्याला जो दात हवा, तो तो शोधायला येई. गरज कुणाची किती, दुखतंय कुणाला किती, ह्याचा त्यात संबंध नव्हता. व्हरांड्यातल्या लोकांना ते माहीत होतं आणि कुणाला त्यात चूक दिसत नव्हती. माणसाचा दात कुणाच्या तरी उपयोगी पडतोय, हे ऐकून उलट बरंच वाटायचं.

दुपारनंतर दारातून एक उंच, घामेजलेला विद्यार्थी आला. "वरचा पुढचा?" असं त्यानं इतकं हळू विचारलं की काकांनाच काजबाईंचा हात धरून वर करावा लागला.

तो वाकला. ओठ उचलला. मग आणखी जवळून पाहिलं.

"मावशी, ही खाच कशानं पडली?"

"दोऱ्यानं."

"म्हणजे?"

काजबाईंनी गळ्यातली कात्री बाजूला केली, पिशवीतून दोरा काढला आणि हवेत दाखवलं, दाताला न लावता. विद्यार्थ्याचा चेहरा उजळला. पुस्तकात ह्याचं चित्र होतं म्हणे, पण खरं कुणी पाहिलं नव्हतं. त्यानं आणखी दोन मुलांना बोलावलं. त्यांनीही पाहिलं. मोबाइलवर फोटो निघाले. काजबाईंचा असा सत्कार लग्नातही झाला नव्हता.

"दोरा तोडताना ह्याच दातावर ताण येतो," विद्यार्थी मित्रांना समजावत होता, "रोज, वर्षानुवर्षं. त्यानं आत चीर जाते आणि नस मरते." दोऱ्यानं दात कसा जातो, ह्यावर तो पुढे सगळ्या वर्गासमोर बोलला आणि चांगलं बोलला, असं त्यानं नंतर काजबाईंना सांगितलं.

त्यानंतर काजबाई येत राहिल्या. मास्तर अर्धा दिवस सोडायचे आणि छताकडे बघायचे. पहाटेची बस, मग दुसरी बस, मग व्हरांडा, काकांची विचारपूस, मग खुर्ची. तोंडावर रबराचा निळा पडदा ताणायचे आणि त्यातून तेवढा एकच दात वर काढायचे. छतावरच्या दिव्याच्या काचेत काजबाईंना तो दिसायचा: निळ्या पडद्यात एकटा, बाकी काजबाई कुठेच नाहीत. हिरडीत सुई टोचली की आधी ओठ जाई, मग नाकाची कड, मग नाकाखालची जागा आपली आहे की शेजारणीची हे कळेनासं होई. त्यांना ते आवडायला लागलं. इतक्या वर्षांत त्यांना काही जाणवू नये अशी व्यवस्था कुणी मुद्दाम केली नव्हती.

विद्यार्थ्याचं काम नेटकं होतं. मधूनमधून त्याचे सर यायचे, वाकून पाहायचे, "हं" म्हणायचे आणि पुढच्या खुर्चीकडे जायचे. त्या "हं"चे प्रकार असावेत, कारण काही ऐकून विद्यार्थी घाम पुसायचा आणि काही ऐकून हसायचा.

एकदा त्यानं चिमट्यात काहीतरी दाखवलं. बारीक, दोऱ्याच्या सुटलेल्या पेडासारखं.

"ही नस. आता दुखणार नाही."

पडदा निघाल्यावर काजबाईंनी विचारलं, "म्हणजे दात मेला का?"

"तसं म्हणायचं तर, हो. पण राहतो जागेवर. काम करतो."

"बरं," काजबाई म्हणाल्या. तशी माणसं त्यांना ठाऊक होती. एक-दोन तर मास्तरांकडे मशीनवर बसत.

आणि खरंच दुखायचं थांबलं. सूज उतरली. धाकटी जाऊ कवळी घालून मुद्दाम बघायला आली आणि काही बोलली नाही, ह्यावरून काम चांगलं झालंय हे कळलं. तरी काजबाई कात्रीच वापरत होत्या. टोपी बसेपर्यंत दाताला आराम द्यायचा, असं त्यांनी स्वतःच ठरवलं होतं.

शेवटून दुसऱ्या फेरीला दात सगळ्या बाजूंनी घासला गेला. वर टोपी बसायची तर आत जागा हवी. पक्की टोपी तयार होऊन यायला वेळ होता, तोवर तात्पुरती प्लास्टिकची बसवायची. घासून झाल्यावर विद्यार्थ्यानं आरसा दिला. पुढच्या दाताच्या जागी एक बारीक खुंटी उभी होती, बटणाच्या मागच्या देठासारखी.

"डॉक्टर," काजबाई म्हणाल्या. त्या त्याला पहिल्या दिवसापासून डॉक्टर म्हणत आणि तो दर वेळी मागे वळून बघे. "एक विचारू? टोपीला खाच ठेवाल का?"

"खाच?"

"होती तशी. दोऱ्यापुरती."

विद्यार्थी विचारात पडला. पुस्तकात हे नव्हतं. त्यानं सरांना विचारलं. सर आले, वाकले, फोटोतली जुनी खाच पाहिली.

"झीज म्हणजे बिघाड," सर म्हणाले. "आपण बिघाड तयार करत नाही. दात निसर्गात असतो तसा करायचा."

"माझा असाच होता," काजबाई म्हणाल्या. पण ओठ सुन्न होता, शब्द नीट सुटले नाहीत आणि सर पुढच्या खुर्चीपाशी "हं" म्हणत होते.

तात्पुरती टोपी बसली. गुळगुळीत, पांढरी, शेजारच्या दातापेक्षा तरुण. विद्यार्थ्यानं सूचना दिल्या. कडक काही खायचं नाही. चिकट काही खायचं नाही. बर्फ चावायचा नाही. नखं खायची नाहीत. सूचना छापलेल्या होत्या, त्यानं त्या क्रमानं सांगितल्या. दोऱ्याचं त्यात नव्हतं. वर्गासमोर दोऱ्यावर एवढं बोललेल्या मुलाला ते त्या क्षणी सुचलं नाही आणि काजबाईंनी दोरा कधी खाल्ला नव्हता.

दुसऱ्या बसमधून उतरून त्या थेट दुकानात गेल्या. वाढप्यांच्या काळ्या कोटांची मोठी ऑर्डर संध्याकाळपर्यंत द्यायची होती आणि मास्तर आता छताकडे न बघता दाराकडे बघत होते.

"दाखवा," मास्तर म्हणाले. काजबाईंनी ओठ बोटानं वर करून दाखवला. तो अजून सुन्न होता, आपोआप वर होत नव्हता.

"वा. सिनेमात जा आता."

"कोट द्या," काजबाई म्हणाल्या.

खाली छापखाना सुरू झाला. बटणांच्या डब्या सरकायला लागल्या. काजबाई खिडकीशी बसल्या, कोट मांडीवर घेतला, दोऱ्याला मेण लावलं. हात चांगला चालला होता. पहिलं काज झालं, दुसरं झालं. गळ्यातली कात्री प्रत्येक वेळी कोटात अडकत होती, म्हणून कधीतरी त्यांनी ती काढून खिडकीत ठेवली. इतके महिने दोऱ्याला तोंडापासून दूर ठेवलं होतं ते कात्रीनं नाही; आधी कळेनं, मग टोपीची वाट बघण्यानं. आणि आज कळ नव्हती, टोपीही आली होती. आज तिथे काहीच नव्हतं. ओठ नव्हता, हिरडी नव्हती, नाकाखाली एक कोरी जागा होती आणि तोंडाला जे वर्षानुवर्षं माहीत होतं तेवढंच उरलं होतं.

काज संपलं. दोरा वर गेला, मान तिरकी झाली.

दोरा घसरला. तिथे खाच नव्हती.

काजबाईंनी त्याकडे लक्ष दिलं नाही. शेजारचा कारागीर वाढप्यांना माना ताणून चालायला कोण शिकवतं असं काहीतरी विचारत होता आणि मास्तर त्याला शिव्या देत होते. त्यांनी दोरा पुन्हा दातात धरला, थोडा घट्ट. पुन्हा घसरला. मग त्यांनी दोरा बोटाला एक वेढा दिला, दात आवळले आणि खालून हिसका दिला.

टक् असा आवाज आला. ओळखीचाच आवाज होता. काजबाईंनी कोट बाजूला ठेवला आणि पुढचा घेतला. पुढच्या कोटाबरोबर मागचा कोटही ओढला गेला, कारण दोरा तुटलेला नव्हता.

काळ्या कापडावर एक पांढरी वस्तू पडली होती. काजबाईंनी ती उचलली. काळ्या कोटासाठी पांढरं बटण कुणी काढलं, असं त्यांच्या मनात आलं. त्यांनी ते उलटसुलट करून भोकं शोधली. भोकं नव्हती, देठ होता. देठाचं बटण वेगळ्या डबीत जातं, म्हणून त्यांनी ती डबी पुढे ओढली आणि झाकण काढलं.

"काजबाई," मास्तर म्हणाले.

"हे कुणाच्या कोटाचं आहे?"

"काजबाई, तोंड उघडा."

त्यांनी तोंड उघडलं. कारागिरानं मशीन थांबवलं. खाली छापखाना चालूच होता.

"दुखत नाहीये," काजबाई म्हणाल्या, जणू त्यावरच वाद होता.

दुसऱ्या दिवशी कॉलेजात विद्यार्थ्यानं ती वस्तू तळहातावर घेतली. टोपी आणि आतली खुंटी, दोन्ही एकसंध. त्याच्या सिमेंटनं शेवटपर्यंत साथ सोडली नव्हती. तो स्टुलावर बसला.

"मावशी, काय केलंत?"

"दोरा तोडला."

त्यानं ती उलटून पाहिली. मग म्हणाला, "मी सांगायला हवं होतं."

"तुम्ही काय करणार. तुमचं काम चांगलं झालं होतं." काजबाईंना त्याची दया आली. "परीक्षेचं काय?"

"पास झालो. सरांनी कालच तपासलं होतं."

"मग झालं."

सर आले, वाकले. ह्या वेळी "हं" म्हणाले नाहीत. "हिरडीच्या आत तुटलाय. ह्यावर आता काही उभं राहणार नाही. मूळ काढावं लागेल. काढायचा विभाग वरच्या मजल्यावर, तिथे नंबर लावा. पुढच्या महिन्यातलं मिळेल."

"नको," काजबाई म्हणाल्या. "काढायचं आमच्याकडे मिळतं."

व्हरांड्यातून जाताना काकांनी डबा मांडीवरून बाजूला ठेवून जागा करून दिली. काजबाई बसल्या नाहीत. काकांनी त्यांच्या तोंडाकडे पाहिलं आणि मग स्वतःच्या रुमालाची गाठ उगाच सोडून परत बांधली.

"तुमची दाढ?" काजबाईंनी विचारलं.

"बोलणी चालू आहेत," काका म्हणाले.

तालुक्याच्या रुग्णालयात रांग तशीच भराभर सरकत होती. मॅडमनी ओठ वर केला आणि बराच वेळ बोट तिथेच ठेवलं.

"मूळ सुरेख भरलंय," मॅडम म्हणाल्या. "कुणी केलं?"

"एक मुलगा आहे. पास झाला."

"मी तेव्हाच काढते म्हणाले होते."

"हो."

मॅडमनी सुई टोचली, थोडं थांबल्या, मग पक्कड घेतली. खरंच दोन मिनिटं लागली. काजबाईंना काहीच कळलं नाही; फक्त आवाज आला आणि तो टक् असा नव्हता, जाड कापड उसवल्यासारखा होता. मूळ थाळीत पडलं. मॅडमनी कापसाचा बोळा ठेवला आणि तो दाबून धरायला सांगितलं. मग दिवा खाली ओढून शेजारचा दात निरखला, तो डावा, दिसण्यापुरता.

"ह्यालाही बारीक चीर आहे, मावशी. वर्ष-दोन वर्षांत हाही जाणार. तेवढ्यासाठी परत रांगेत उभं राहाल." त्यांनी पक्कड धुऊन हातातच ठेवली होती. "सुन्न आहेच. काढून टाकू?"

काजबाईंनी बोळा बोटानं बाजूला सारला.

"राहू दे," त्या म्हणाल्या. "तो उद्यापासून कामावर येणार आहे."